माझ्या तळातील चार भोके

मित्रांनो, मला जुनी म्हणावे की उशिरा जन्मलेली, हे माझे मलाच नीट सांगता येत नाही. माझ्या इंजिनाचे वय विचाराल तर ते माझ्या नंबराच्या पाटीहून कितीतरी मोठे आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना एक ठरलेला जन्मदिवस असतो. मला तो नाही. इंग्लंडमधल्या लाँगटन गावातल्या एका उतरत्या गल्लीत, टॅम्स नवराबायकोच्या गॅरेजात, मी तब्बल सोळा वर्षे जन्म घेत होते.

मी सुट्या भागांतून घरी जोडायची गाडी आहे. उघडी, बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. मला जोडले क्लिफर्ड टॅम्सने. तो बस डेपोत फिटर होता. सहा फुटांहून उंच, पायही तसेच लांबलचक आणि बोलणे मात्र आखूड. त्याची बायको नोरीन त्याच्या छातीशी येई. ती गावातल्या कपबशांच्या कारखान्यात कामाला होती. त्या गावात दर उन्हाळ्यात कपबशा भाजायच्या सगळ्या भट्ट्या दोन आठवडे विझत आणि अख्खे गाव समुद्राकडे पळे. लग्नानंतरच्या पहिल्या सुटीत ही दोघे खच्चून भरलेल्या बसने समुद्रकाठच्या लँडिडनोला निघाली होती. खिडकी उघडत नव्हती. तेवढ्यात शेजारून एक उघडी गाडी गेली आणि तिच्यात बसलेल्या बाईचा रुमाल वाऱ्यावर फडफडत होता. नोरीन म्हणाली, "मला एकदा असं जायचंय." एवढेच. पंचवीस वर्षांनी क्लिफने मला मागवले.

अशाच एका सुटीच्या पहिल्या सोमवारी मी मालट्रकमधून उतरले. उतरले म्हणजे काय, तीन खोकी, लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा आणि बोल्टांची पिशवी. सोबत बत्तीस पानांचे पुस्तक होते. त्यातली एकतीस पाने सांगाडा तपासण्यात खर्ची पडली होती आणि बत्तिसाव्या पानावर लिहिले होते, 'आता उरलेले भाग बसवावेत.' दिव्यांच्या दोन दांड्या होत्या, दोन्ही डाव्या बाजूच्या.

कुंपणापलीकडून शेजारी रेग मॅचिन हे सगळे बघत होता. त्याची कबुतरे होती आणि त्याला फावला वेळ फार होता.

"काय रे क्लिफ, भंगारचं दुकान काढतोयस की काय?"

"गाडी आहे. नोरीनला लँडिडनोला न्यायचंय."

"कधी?"

"पुढच्या वसंतात," क्लिफ म्हणाला.

मित्रांनो, हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. माझे सगळे आयुष्य या दोन शब्दांत गेले आहे.

माझे इंजिन, गिअर आणि मागच्या चाकांचा दांडा एका निळ्या जुन्या गाडीतून आले. ती पियानो शिकवणाऱ्या एका बाईंची होती. तिच्या दारांची गंजून चाळण झाली होती, पण इंजिन ठणठणीत होते. ते माझ्यात बसवले तेव्हा बॉनेट मिटेना. दोन बोटे वर काही तरी येत होते. क्लिफने इंजिन पुन्हा काढले, खालचे आधार कापले, पुन्हा बसवले. आता बॉनेट मिटले, पण स्टिअरिंगचा दांडा आडवा आला. यात दोन वसंत गेले. मग तारा जोडल्या. डावीकडे वळण्याचा दिवा लावला की भोंगा वाजे, आणि भोंगा दाबला की काचेवरची पुसणी हलू लागत. अख्खा हिवाळा क्लिफ माझ्या पोटाखाली उताणा पडून तारा मोजत होता. शेवटी तो दिवा लागला त्या दिवशी त्याने एकट्यानेच अर्धा तास डावीकडे वळण्याचा इशारा केला. वळायला जागा नव्हती, ते सोडा.

क्लिफचा हात सोन्याचा होता, पण घाई त्याच्या रक्तातच नव्हती. त्यात त्याला काटेकोरपणाचे वेड. त्याच्या मते कारागिराची ओळख कडेवरून पटते. पत्रा कापला की कड अशी सरळ आणि करकरीत हवी की तिने कागद कापता यावा. माझा डॅशबोर्ड, मडगार्डच्या पट्ट्या, दिव्यांच्या नव्या दांड्या, आरशाचे हात, सगळे त्याने असेच केले. पेडलांची चौकट तर त्याने स्वतः घडवली. फळीवर बसून, पाय लांब करून, खडूने खूण करून त्याने आपल्या पायांचे माप घेतले आणि चार जाड बोल्टांनी ती चौकट माझ्या तळात पक्की केली. "ही आता हत्तीलाही हलायची नाही," असे तो वरचेवर म्हणे.

नोरीन रोज संध्याकाळी चहा घेऊन येई. रविवारी ओटची धिरडी, आत वितळलेले चीज. पण गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत तिला प्रवेश नव्हता. एकदा तिने माझ्या डाव्या जागेकडे बोट दाखवून विचारले, "बसून बघू का जरा?"

"नको, रंग ओला आहे."

दुसऱ्या वेळी रंग वाळला होता, तेव्हा तो म्हणाला, "अजून पक्कं बसवलं नाही गं. पुढच्या वसंतात बस की आरामात."

"पुढच्या म्हणजे येणाऱ्या?"

"येणाऱ्याच."

ती कप ठेवी आणि जाई. मला फार वाटे की तिने बसावे. माझ्यात दोनच जागा, आणि एक तिच्यासाठीच होती. ज्याच्यासाठी घर बांधले त्यानेच अंगणात उभे राहावे, तसे ते मला टोचत असे. पण आम्हा यंत्रांना बोलता येत नाही आणि क्लिफला बोलायला आवडत नव्हते, त्यामुळे घोंगडे भिजतच पडले.

आणि माझे विचाराल तर मला रस्त्याची ओढ लागली होती. गॅरेजच्या दाराखाली चार बोटांची फट होती. तिच्यातून मला रस्ता दिसे. पूर्ण नाही, नुसती जाणारी चाके. दूधवाल्याची लहान चाके, शाळेच्या बसची जाड चाके, पावसात पाणी उडवत जाणारी कुणाची तरी घाईची चाके. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटे. माझी चाके नवी कोरी होती आणि विटांच्या आधाराने हवेत टांगलेली होती. त्यांच्या रबराला उभ्या उभ्याच भेगा पडू लागल्या होत्या.

अकरा वसंत असे गेले. मी जवळजवळ पुरी झाले होते. तेव्हा क्लिफला माझा हिरवा रंग आवडेनासा झाला आणि त्याने सगळे पत्रे उतरवून मला पुन्हा रंगवायला घेतले. रेग रोज कुंपणावर हनुवटी टेकून उभा राही.

"माझी कबुतरं अठरा दिवसांत पिल्लू काढतात, क्लिफ. तुझं अंडं कधी उबणार?"

"घाई केली की काम बिघडतं."

"तू नाही केलीस तरी बिघडतंय की."

त्याच वर्षी माशी शिंकली. रेगने वर्तमानपत्रातले कात्रण आणून दाखवले. घरी जोडलेल्या गाड्यांना यापुढे रस्त्यावर येण्याआधी सरकारी परीक्षा द्यावी लागणार होती. दिवे, ब्रेक, आवाज, सगळे तपासणार. "गेल्या वर्षी संपवली असतीस तर सुटला असतास बघ," रेग म्हणाला. क्लिफने कात्रण घडी करून खिशात ठेवले. त्याला परीक्षेची भीती नव्हती. उलट कुणी तरी जाणकार माणूस आपले काम बारकाईने बघणार, याचा त्याला आतून आनंदच झाला असावा, कारण त्या आठवड्यात तो शीळ घालत काम करत होता.

पुढच्या वर्षी, जून महिन्यातल्या एका मंगळवारी, दार पूर्ण उघडले. मित्रांनो, तो दिवस मी काय वर्णू? परीक्षेचे ठिकाण नऊ मैलांवर होते आणि तिथवर मला चालवत नेण्याची परवानगी होती. क्लिफने स्टिअरिंग धरले. नोरीन डाव्या जागेकडे बघत उभी होती. "परीक्षेच्या दिवशी नको," क्लिफ म्हणाला, "पास झाल्यावर पहिली तूच." ती हसली आणि फाटक उघडायला गेली. मग रस्ता माझ्या चाकांखाली आला. मला वाटले होते तो गुळगुळीत असेल. तो खरखरीत होता, तापलेला होता, आणि संपत नव्हता. जिथे फटीतली चाके दिसेनाशी होत त्याच्याही पुढे तो जातच होता. पियानोवाल्या बाईंच्या इंजिनाने असा काही सूर लावला की सिग्नलवर एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले.

परीक्षक सभ्य माणूस होता. त्याने ब्रेक तपासले, चोख. दिवे चोख. आवाज मर्यादेत. मग त्याने एका काठीच्या टोकाला लावलेला मोसंबीएवढा गोळा आणला आणि तो माझ्या अंगावरून, डॅशबोर्डखालून, मडगार्डवरून हळूहळू फिरवू लागला. जिथे जिथे गोळा टेकेल, तिथली कड गोल हवी, असा नियम होता. माणूस आपटला तर कापू नये म्हणून. गोळा माझ्या प्रत्येक कडेला टेकत होता आणि परीक्षक प्रत्येक वेळी कागदावर खूण करत होता. अशा तेवीस खुणा झाल्या.

"टॅम्ससाहेब, काम फार सुंदर आहे," तो म्हणाला. "पण या कडांनी दाढी करता येईल."

ज्याचा क्लिफला अभिमान, तेच नेमके नापास झाले होते. बाकी काही चुकले नव्हते. पंधरा दिवस कानस चालवली असती तर काम झाले असते. बाजारात कडांना लावायची रबरी पट्टीही मिळे. पण क्लिफचे मन दुखावले होते. आम्ही परत निघालो. तोच नऊ मैलांचा रस्ता, पण मला तो आठवतही नाही.

नोरीन फाटकाशीच उभी होती. तिने फाटक उघडले.

"त्यांना साबणाची वडी हवी आहे, गाडी नव्हे," क्लिफ म्हणाला. "तिला रबराची झालर लावू? पायपुसण्यासारखी?"

मला गॅरेजात लावून तो घरात गेला. नोरीन प्रथमच उंबरा ओलांडून माझ्याजवळ आली. तिने अंगठा माझ्या मडगार्डच्या कडेवर ठेवला आणि सावकाश पुढे सरकवला. क्लिफ दारातून म्हणाला, "हात कापेल." ती म्हणाली, "माहीत आहे मला," आणि तिने अंगठा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी क्लिफने माझ्यावर चादर टाकली.

तीन वर्षे ती चादर माझ्यावर होती. आधी आठवड्यातून एकदा तरी दार उघडे, मग महिन्यातून. माझ्या बॉनेटवर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या आल्या, नाताळच्या सजावटीचे खोके आले, तुटकी खुर्ची आली. मित्रांनो, कधीच रस्ता न पाहिलेल्या गाडीचे दुःख वेगळे आणि एकदा पाहून परत आलेल्या गाडीचे वेगळे. चादरीमुळे मला ती फटही दिसत नव्हती. मी नुसती चाके ऐकत होते.

मग एका हिवाळ्यात क्लिफला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. हे मला रेगच्या आणि नोरीनच्या बोलण्यातून कळले, कारण क्लिफ गॅरेजकडे फिरकलाच नाही. तो दिवसभर स्वयंपाकघरात खिडकीला पाठ करून बसतो, असे ती सांगत होती. खिडकीतून गॅरेज दिसते म्हणून पाठ करून.

"माझ्या ओळखीचा एक जण इंजिन घ्यायला तयार आहे," रेग म्हणाला. एरवी चेष्टा करणारा तो माणूस त्या दिवशी हळू बोलत होता. "बाकीचं भंगारात जाईल. मी क्लिफला विचारलं. म्हणाला, देऊन टाक. शनिवारी येईल तो माणूस."

तो बुधवार होता. रेग गेल्यावर नोरीन गॅरेजात आली. मग तिने एकेक बरणी उतरवली, खुर्ची बाजूला केली आणि चादर ओढली. तिने डोळे मिटले. अंगठा मडगार्डच्या कडेवर ठेवला आणि टोकापासून टोकापर्यंत फिरवला. घरात जाऊन ती एक चपटी पेटी घेऊन आली. तिच्यात तिच्या कारखान्यातली हत्यारे होती. झिजलेली पाती, स्पंजाचे तुकडे. वाटेत क्लिफच्या फळीवरून तिने बारीक कानस आणि पॉलिश पेपर उचलला.

नोरीनचे काम काय होते, हे तोवर मलाही ठाऊक नव्हते. साच्यातून निघालेल्या कच्च्या कपाला सांध्यावर धार असते. ती खरवडून, ओल्या स्पंजाने पुसून, कड अशी करायची की ओठाला लागली तरी कळू नये. अडतीस वर्षे तिने हेच केले होते. पत्रा म्हणजे माती नव्हे, पहिल्या दिवशी तिचे अंगठे सोलले. पण दुसऱ्या दिवशी तिला लय सापडली. कानस, मग पॉलिश पेपर, मग पाणी, मग डोळे मिटून अंगठा. पुन्हा कानस. पातळ पत्रा घासून गोल होईना, तेव्हा तिने घरातले लाटणे आणले आणि त्यावरून कड आतल्या बाजूला वळवली. मला इतक्या वर्षांत पुष्कळांनी हात लावला होता, पण असा कुणी लावला नव्हता.

शुक्रवारी दुपारी ती क्लिफला घेऊन आली. तो काठीवर आणि तिच्यावर भार टाकून, कुरकुरत आला.

"काय दाखवायचंय? बघितलीय मी ती."

"बघू नकोस. हात फिरव."

"कुठे?"

"मडगार्डवर. तो नको, डावा फिरव."

क्लिफने डावा हात फिरवला. मध्येच तो थांबला. मग परत मागे जाऊन त्याने पुन्हा फिरवला. धार नव्हती, पण कडेची रेषा जशीच्या तशी होती, तसूभरही वाकडी नाही.

"कुणी केलं?"

"मी."

"तुला कुठून येतं?"

"अडतीस वर्षं कप घासले रे, क्लिफ. तू माझ्या हातचा चहा त्याच कपातून पितोस. कधी विचारलंस, मी तिकडे काय करते म्हणून?"

क्लिफ तुटक्या खुर्चीत बसला. त्याचा चेहरा अर्धाच हलत असे, तरी तो रडतो आहे हे दिसत होते. "तुला मी सोळा वर्षं उंबऱ्यावर उभं ठेवलं," तो म्हणाला. नोरीन म्हणाली, "हो, ठेवलंस." तिने ते नाकारले नाही, हे मला फार बरे वाटले. थोड्या वेळाने तिने कुंपणापाशी जाऊन रेगला सांगितले की शनिवारच्या माणसाला येऊ नकोस म्हणावं.

बावीस कडा उरल्या होत्या. त्या वसंतात ती घासत गेली आणि तो खुर्चीतून शिकवत, चुका काढत, शिव्या खात गेला.

"तो पाना नाही गं, त्याच्या शेजारचा."

"शेजारचा म्हणजे हा?"

"तो चमचा आहे, नोरीन. चहाचा."

कडा झाल्या, पण खरे घोडे पुढेच अडले. क्लिफला आता गाडी चालवता येणार नव्हती. नोरीन बाजाराला जायची छोटी गाडी वर्षानुवर्षे चालवत होती, पण ती माझ्या उजव्या जागेत बसली तेव्हा तिचे पाय पेडलांच्या अलीकडेच हवेत राहिले. पाठीमागे दोन उशा ठेवल्या. पाय पोचले, पण स्टिअरिंग पोटात रुतले. "अशीच गेले तर लँडिडनोला पोचेपर्यंत माझे दोन तुकडे होतील," ती म्हणाली. आजारानंतर क्लिफ प्रथमच मोठ्याने हसला. हसता हसता तो माझ्या तळाकडे, त्या चार बोल्टांकडे बघू लागला.

"पेडलं मागं आणावी लागतील," तो म्हणाला.

"अरे, ती तर हत्तीलाही हलायची नाहीत म्हणायचास."

"हत्तीला नाहीत. तू हलव."

तिने पाना लावला. क्लिफने आपल्या पायांच्या मापाने घट्ट आवळलेले ते चार बोल्ट तिने एकेक करून काढले. मग क्लिफ खुर्चीतून कसाबसा खाली बसला, त्याने तिच्या पायाला मापाची फीत लावली आणि डाव्या हाताने, लहान मुलाने काढावी तशी वेडीवाकडी खडूची रेघ माझ्या तळात मारली. पहिल्या रेघेच्या पाच इंच अलीकडे. "टाच टेकते का?" त्याने विचारले. तिची टाच टेकत होती. मला जोडताना त्याने हजार मापे घेतली असतील, पण कुणाला असे विचारून घेतलेले ते एकच. ब्रेकची नळी आणि क्लचची तार नव्याने बसवली. जुन्या जागी चार भोके उरली. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून त्यांवर जाड चिकटपट्टी मारली आणि काम भागवले.

परीक्षक तोच होता. त्याने गोळा फिरवला, मग गोळा खाली ठेवून नुसता अंगठा फिरवला.

"हे कुणाचं काम?"

"बायकोचं," क्लिफ म्हणाला. "मी नुसता उशीर केला."

त्या वर्षी भट्ट्यांच्या सुटीत आम्ही लँडिडनोला गेलो. गावातल्या पुष्कळ भट्ट्या तोवर कायमच्या विझल्या होत्या, पण सुटी राहिली होती. नोरीनसाठी राखलेल्या डाव्या जागेत क्लिफ मांडीवर घोंगडी घेऊन बसला आणि क्लिफच्या जागेत नोरीन. तिने पिवळा रुमाल बांधला होता. रेग कबुतरे सोडून फाटक धरायला आला. काही तरी टोमणा मारील असे वाटले होते, पण तो नुसता म्हणाला, "जा बाबांनो." टेकड्या ओलांडून समुद्राचा वारा लागला तशी चिकटपट्टी सुटली आणि तळातल्या चार भोकांतून गार वारा थेट नोरीनच्या पायांवर येऊ लागला.

"क्लिफ, पाय गारठले माझे."

"भोकं बुजवायची राहिली की गं. पुढच्या वसंतात बुजवतो."

ती इतकी हसली की मला कडेला थांबवावे लागले.

असे पाच उन्हाळे आम्ही फिरलो. दर वेळी तेच. ती म्हणे पाय गारठले, तो म्हणे पुढच्या वसंतात. चार रबरी बुचे बाजारातून आणली की झाले, पण त्याने आणली नाहीत आणि तिनेही पुन्हा आठवण केली नाही. सहाव्या उन्हाळ्याआधी क्लिफ गेला. पाऊस नव्हता, वादळ नव्हते, साधा दिवस होता. नोरीन माझ्यापासून एका खोलीएवढ्याच अंतरावर होती, तरी दोन महिने आली नाही. माझी डावी जागा तेव्हापासून रिकामी आहे. गाडीला वजनाची सवय होते, मित्रांनो. अजूनही वळणावर मी डावीकडे थोडी जास्त झुकायला जाते आणि तिथे कुणी नसते.

मला तुम्हांला फार शिकवायचे नाही. पण सोळा वर्षे जन्म घेतलेल्या गाडीचे थोडे ऐका. वस्तू झाकून ठेवली म्हणजे ती जपली असे होत नाही. ज्याच्यासाठी काही करता, त्याला आत बोलवा, त्याचे हात काय जाणतात ते विचारा. आणि वसंत मोजून मिळतात, ते पुढे ढकलू नका.

एवढे सांगूनही एक गोष्ट मला कबूल करायची आहे. गेल्या रविवारी नोरीन मला बाहेर काढत होती. आता तीही वाकली आहे, पण टाच नीट टेकते. रेग काठी टेकत आला आणि त्याने खिशातून चार काळी रबरी बुचे काढली.

"थांब जरा, नोरीन. दोन मिनिटांचं काम आहे. या वयात पाय गारठवून घेऊ नकोस."

नोरीनने ती बुचे हातात घेतली, अंगठ्याने त्यांच्या कडा चाचपल्या आणि त्याला परत दिली.

"राहू दे रे, रेग," ती म्हणाली. "क्लिफ बुजवणार आहे. पुढच्या वसंतात."

मग तिने रुमाल बांधला, आणि आम्ही निघालो.